डिझेल पिकअपसाठी घेतलेला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिने झाले हा स्कॅनर घेऊन, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं आणि तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर भरपूर शिव्या घातल्या असत्या. माझी गाडी चार सिलिंडरची कॉमन रेल डिझेल पिकअप आहे (म्हणजे पंप एका सामायिक पाईपमध्ये, रेलमध्ये, जबर प्रेशरने डिझेल भरतो आणि तिथून ते इंजिनात फवारणाऱ्या चारही इंजेक्टरना जातं), रोज माल भरून पळते, ती उभी राहिली की माझं सगळं काम ठप्प.

वस्तू अगदी साधी. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलण्यासाठीचं, त्यात हा काडेपेटीएवढा डबा बसतो, ब्लूटूथने मोबाईलला जोडायचा, इग्निशन ऑन करायचं आणि अ‍ॅप उघडायचं. बिघाडाचा कोड वाचतो, कोड पुसतो आणि चालू गाडीचे आकडे दाखवतो. कोडसाठी म्हणून घेतला होता, पण नऊ महिन्यांत खरा उपयोग झाला तो चालू आकड्यांचा.

घेतला का ते सांगतो. लोड घेऊन चढाला लागलो की गाडी मान टाकायची. तिसऱ्या गिअरवर २४०० आरपीएमला छान ओढत असायची आणि एकदम ताकद गायब, चेक इंजिनचा दिवा लागायचा, मग रेस दाबा नाहीतर सोडा, काही फरक नाही. बाजूला घेऊन बंद करून परत सेल्फ मारला की पुन्हा ठीक. वर्कशॉपमध्ये नेली तर त्यांनी कोड वाचला, पी००८७, म्हणजे रेलमधलं प्रेशर कमी, आणि लगेच म्हणाले हाय प्रेशर पंप गेला, बदला. गाडी उभ्या उभ्या न्यूट्रलला चालवून बघितली तेवढंच, रस्त्यावर कोणी नेलीच नाही. मला ते पटलं नाही, कारण पंप खरंच गेला असता तर सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट कशी झाली असती?

मग स्कॅनर आला. पहिल्यांदा कोड न पुसता फ्रीझ फ्रेम बघितली, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचे आकडे गाडीने जपून ठेवलेले असतात ते. इंजिनवरचा लोड ९२ टक्के, इंजिनचं पाणी ८४ डिग्री, आरपीएम २४००च्या आसपास. म्हणजे थंडपणाचा संबंध नाही, आयडलचा संबंध नाही, जास्त डिझेल लागतं तेव्हाच मार खाते. (कोड पुसला की फ्रीझ फ्रेमपण जाते हे नीट लक्षात ठेवा, आधी स्क्रीनशॉट काढा.) मग शेजारी एकाला बसवून मोबाईल त्याच्या हातात दिला आणि त्याच चढावर नेली. आयडलला रेल प्रेशर ३०,००० केपीए, म्हणजे ३०० बार, एकदम व्यवस्थित. चढावर इंजिन मागत होतं १२०० बारच्या वर आणि मिळत होते ७००, आणि तेही खालीवर उड्या मारत. माझ्या गाडीत मागणी आणि प्रत्यक्ष दोन्ही आकडे दिसतात, सगळ्या गाड्यांत दोन्ही दिसतीलच असं नाही.

आता ७०० बारच का मिळतायत याची कारणं पुष्कळ. फिल्टर चोक, लाईनमध्ये हवा, पंपाचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) अडकतोय, इंजेक्टर रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीला, जास्त सोडतायत, रेलवरचा व्हॉल्व्ह गळतोय, आणि सगळ्यात शेवटी पंप. कोड या सगळ्यांना एकच पडतो. तो बिघाड कोणत्या भागात आहे ते सांगतो, कोणता पार्ट ते नाही, आणि अ‍ॅपमध्ये कोडखाली 'पंप बदला' असं लिहिलेलं असलं तरी ते अ‍ॅपवाल्याचं म्हणणं असतं, गाडीचं नाही.

स्वस्तातल्या गोष्टीपासून सुरुवात केली. फिल्टरखालच्या नळीतून पाणी काढलं, पारदर्शक बाटलीत धरलं तर तळाला जेमतेम बोटभर पाणी बसलं. फिल्टर बदलला, हँड पंपाने हवा काढली, आणि गाडी सुसाट. दोन आठवडे. मग परत तेच, तोच चढ, तोच कोड. तिसऱ्या महिन्यातल्या शिव्या म्हणतो त्या या, पण चूक स्कॅनरची नव्हती, मी अर्ध्यावर थांबलो होतो.

यावेळी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक डिझेलची नळी बसवली, क्लिपा आवळल्या, गाडी चालू केली आणि टॉर्च मारून बघत बसलो. आयडलला अधूनमधून एखादा बारीक बुडबुडा. रेस दिली तर बुडबुड्यांची माळच सुरू झाली, सोड्याच्या बाटलीसारखी, एकामागून एक पंपाकडे चाललेत. बाहेर मात्र डिझेलचा एक थेंब नाही, ओल नाही, वास नाही. माझ्या गाडीत टाकीत पंप नाही, हाय प्रेशर पंपच टाकीपासून डिझेल ओढून घेतो, आणि ओढणाऱ्या बाजूला गळती असली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून डोळ्यांना काहीच सापडत नव्हतं. टाकीपासून एकेक जोड करत फिल्टरपर्यंत आलो, तर फिल्टरच्या डोक्यावरच्या हँड पंपाची ओ-रिंग चपटी आणि कडक झालेली, नखाने दाबली तर तुकडा पडला. नवी ओ-रिंग टाकली, बुडबुडे बंद, त्याच चढावर मागणी १२५० आणि प्रत्यक्ष १२३०. पंप आजही तोच आहे!

दुसरं प्रकरण पाचव्या महिन्यातलं, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास. आठ-दहा सेकंद सेल्फ मारायचा, मग पांढरा धूर टाकत उठायची, थोडं मिसिंग, मग सरळ. सगळे म्हणाले ग्लो प्लग (थंड इंजिन स्टार्टला तापवणारे). मी सेल्फ मारताना आकडे बघितले: बॅटरी १०.४ व्होल्टच्या खाली जात नव्हती, आरपीएम २२०, म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही संशयातून सुटले. रेल मात्र ९०-११० बारवर अडकलेली. साधारण १५० ते २०० बार झाल्याशिवाय बहुतेक कॉमन रेल गाड्यांचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही, मग ग्लो प्लग कितीही लाल होऊ देत. इथे पुढचं काम स्कॅनरचं नव्हतं, चार बाटल्यांचं होतं. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला एकसारख्या नळ्या लावून एकसारख्या बाटल्यांत सोडल्या, पाच मिनिटं आयडल ठेवली. तीन बाटल्यांत साधारण सारखंच, तिसऱ्या नंबरची दुपटीहून जास्त भरली. तेवढाच एक इंजेक्टर काढून बेंचवर दुरुस्त करून घेतला. त्यानंतर इंजेक्टरचा स्वतःचा कोड (बिघाडाचा नव्हे) ईसीयूत भरावा लागला आणि ते या स्कॅनरने होत नाही, त्यासाठी मोठं मशीन असलेल्याकडेच जावं लागतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजेक्टरचा पाईप ढिला करून मिसिंग कुठल्या सिलिंडरला आहे ते बघायची सवय खूप मिस्त्रींना आहे. कॉमन रेलवर चालू गाडीत हे अजिबात करू नका, आणि गळती हात फिरवून तर कधीच शोधू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. त्या प्रेशरचं डिझेल कातडीच्या आत घुसतं, वरून फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं, फार दुखतही नाही सुरुवातीला, आणि माणूस पुसून कामाला लागतो. तसं झालं तर तासभरही वाट न बघता हॉस्पिटल गाठा, ऑपरेशन लागतं, उशीर झाला तर बोट किंवा हात जातो.

तिसरं छोटं. काळा धूर, ओढ कमी, कोड काहीच नाही. मॅप सेन्सरचा (इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा) आकडा आयडलला १०० केपीए बरोबर, पण लोडवर १३०च्या पुढे जाईना, आणि माझ्याकडे चांगल्या दिवसाचा स्क्रीनशॉट होता त्यात २१० होते. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा) रबरी पाईप क्लिपच्या खाली चिरलेला निघाला. म्हणून सांगतो, गाडी ठणठणीत असताना आयडल, चढ आणि थंड स्टार्ट असे तिन्ही वेळचे आकडे सेव्ह करून ठेवा. सकाळी पहिल्या स्टार्टच्या आधी पाण्याचं आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं, तसं नसेल तर एखादा सेन्सर खोटं बोलतोय.

आता खटकलेलं. एका वेळी चारपेक्षा जास्त आकडे लावले की स्क्रीन रेंगाळते आणि झटक्यात येऊन गेलेला बिघाड निसटतो, मी दोनच लावतो. ब्लूटूथ मधेच तुटतं, नेमकं चढावर. कंपनीचे स्वतःचे खास कोड वाचत नाही, इंजेक्टर करेक्शनही, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल किती कमी-जास्त केलं जातंय तो आकडा, माझ्या गाडीत दिसत नाही. सॉकेटला चोवीस तास करंट असतो त्यामुळे डबा लावून ठेवला तर बॅटरी खातो, गाडी चार दिवस उभी होती तेव्हा सेल्फ फिरलाच नाही, तेव्हापासून काम झालं की काढून ठेवतो. आणि चालवता चालवता स्वतः मोबाईल बघू नका, माणूस बसवा नाहीतर रेकॉर्डिंग लावा.

सध्या सकाळी सेल्फ मारला की दोन सेकंदांत रेल २५०च्या वर जाते. गेल्या आठवड्यात फिल्टर बदलला तेव्हा ओ-रिंग चांगली दिसत होती तरी बदलली, आणि ती पारदर्शक नळी टूलबॉक्समध्येच ठेवली आहे.