महामार्गावरचा पायी-सायकल पूल: आठ महिने रोज वापरल्यावर

बीड-गेवराईच्या मधलं आमचं गाव. धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला आणि शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा एकीकडं, वस्ती आणि वावरं दुसरीकडं राहिली. फेब्रुवारीत पूल सुरू झाल्यापासून मी दोन्ही वेळा सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून त्याच्यावरूनच जातो. आठवीतली मुलगीही सायकलवर तिथूनच शाळेला जाते.

पुलाचं खरं काम केलंय ते रॅम्पनं. खालून मोठ्या गाड्या जायच्या म्हणून साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते. वर तुळयांची जाडी धरली की आपले पाय सहा मीटरच्या वर टेकतात. पायरी १५ सेंटिमीटरची म्हटली तरी चाळीस पायऱ्या. भरल्या किटल्या घेऊन त्या कोण चढणार? आमच्या रॅम्पला वीस मीटरला एक मीटर असा चढ आहे. लांब पडतो, पण सायकलवरून उतरावं लागत नाही. वळणावर दम खायला सपाट जागा आहे. गुडघ्यांमुळं आई दोन वर्षं एकटी दवाखान्यात गेली नव्हती, आता जाते. एप्रिलमध्ये मात्र लोखंडी कठडा इतका तापायचा की ती हाताला पदर गुंडाळून धरायची. तिथं सावलीला पत्रे हवेतच.

पावसाळ्यात सांध्यावरच्या पट्टीनं त्रास दिला. चाळीस मीटर लोखंड थंडीपासून उन्हापर्यंत पाऊण इंच तरी लांबतं, म्हणून मधे फट ठेवतात आणि वरून पट्टी टाकतात. आमची पट्टी गुळगुळीत. जुलैत तिच्यावरून मुलीचं चाक घसरलं, कोपर सोलून निघालं. दोन अर्जांनंतर बोल्ट आवळून गेले, खडबडीत पट्टी अजून आलेली नाही. कुणाची पोरं जात असतील तर पावसात तेवढ्या जागी उतरून चालायला सांगा.

मोटारसायकली येऊ नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवलेत. किटल्या घेऊन मला सायकल तिरकी घालावी लागते, तरी ते खांब राहू द्यावेत.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो वस्तीकडचं तोंड बघून. शाळेकडं रॅम्प थेट फाटकासमोर उतरतो, म्हणून शाळेत जाणारं वस्तीवरचं प्रत्येक पोर पुलावरूनच जातं. वस्तीकडं तो जुन्या पायवाटेपासून एकशे ऐंशी पावलं लांब उतरतो, मधे काटेरी बाभळी. म्हणून डोक्यावर भारा घेतलेल्या बाया अजून दुभाजकाच्या फटीतून धावत रस्ता ओलांडतात. त्यांना नावं ठेवून काय उपयोग? ओझं घेऊन तेवढा वळसा मीही घातला नसता. ज्या गावात असा पूल मंजूर होतोय, तिथल्या लोकांनी आखणीच्या दिवशी इंजिनिअरला आपली पायवाट चालवून दाखवावी. आम्ही ते केलं नाही.

आता पायवाटेपासून रॅम्पपर्यंत मुरूम टाकायचं ठरलंय. माझ्या बांधाची सहा फूट जागा मी ग्रामपंचायतीला लिहून दिली, शेजाऱ्यानंही दिली. उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत मुरूम पडला पाहिजे, कारण ट्रॅक्टरमागची दिवा नसलेली जोडट्रॉली अंधारात रस्ता ओलांडणाऱ्याला शेजारी येईपर्यंत दिसत नाही.