धंद्याची वही उघडी ठेवली, त्याला सात महिने झाले

फेब्रुवारीत नागपूरच्या मानेवाड्याला घरामागे विटांचे दोन थंड हौद बांधले आणि ठेल्यावर भाजी विकणाऱ्यांना रात्रीपुरती भाजी ठेवायला जागा द्यायला लागले. क्रेटमागे पंधरा रुपये. हौदाची रचना माझी नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ती तयार केली. विटांची दुहेरी भिंत, मधल्या फटीत रेती, ती दोन वेळा भिजवायची, वर वाळ्याचं झाकण. रेतीतलं पाणी सुकताना हौद आतून थंड होतो, वीज लागत नाही.

रचना मला फुकट मिळाली, मग हिशेब तरी का लपवायचा? विटा, मजुरी, भाडं, रिकाम्या गेलेल्या रात्री, सगळं चार पानांत लिहिलं आणि मागेल त्याला झेरॉक्स दिली. जगातलं सुमारे एक तृतीयांश अन्न वाया जातं, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने (एफएओ) २०११ मध्ये मांडला होता. माझ्या बारा क्रेटनी त्यात काय फरक पडणार! पण असे हौद गल्लोगल्ली झाले तर पडेल. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं आणि पुढे त्यांनी आपली कामाची पद्धत दुसऱ्या रुग्णालयांना शिकवली. ते उदाहरण माझ्या मनात होतं.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, हौदाने कमाल केली. रात्री ठेवलेली सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी सकाळी काढली तेव्हा पानं ताठ होती, देठ मोडला तर कट्ट आवाज आला. कांदा-लसूण मात्र आत ठेवू नका, ओलीने सडतात.

वहीतली मोठी चूक एका भाजीवाल्या मावशींनी काढली. लेकाकडून चारही पानं वाचून घेतली आणि म्हणाल्या, "ताई, पाणी तं लिहिलंच नाही तुम्ही." खरंच नव्हतं लिहिलं. दोन्ही हौदांना मिळून रोज सोळा बादल्या लागत होत्या आणि मे महिन्यात मी टँकर मागवत होते. तो खर्च घरखर्चात जात होता, म्हणून नफा फुगलेला दिसत होता. वही कपाटात राहिली असती तर अजूनही मी त्याच नफ्यावर खूश असते.

काटोलच्या एका संत्रा बागायतदाराने झेरॉक्स नेली, रेतीवर ठिबकची नळी टाकली आणि पाणी जवळपास निम्म्यावर आणलं. त्याचे आकडे त्याने माझ्याच तक्त्यात भरून पाठवले. त्या एका कागदाने माझा सगळा खटाटोप वसूल झाला.

नुकसानही झालं. शेजारच्या वस्तीत एकाने हुबेहूब हौद बांधले, बारा रुपये दर लावला आणि माझी दोन गिऱ्हाईकं गेली. आठवडाभर वाईट वाटलं. पण त्यांची भाजी आता तिथे टिकतेय, फेकली जात नाही. ती टिकावी म्हणूनच पानं वाटली होती.

मला जास्त खटकलं ते वेगळंच. बावीस जणांनी पानं नेली आणि स्वतःचे आकडे परत दिले फक्त पाच जणांनी. आता देतानाच वचन घेते. आणि कोणाची किती उधारी आहे ते पान कधीच देत नाही, ती दुसऱ्याची अब्रू असते.

पाऊस लागला की हवा दमट होते आणि हौद थंड होत नाही. जुलै-ऑगस्टची कमाई नावालाच झाली, तेही महिने आता वहीत आहेत. पानं हवी असतील तर खुशाल मागा, फक्त बांधायच्या आधी तुमच्याकडे उन्हाळ्यात नळ किती वेळ येतो ते बघा.