स्लो ज्युसरचे नऊ महिने: डाळिंबाला हाच, मोसंबीला हातयंत्र

मागच्या गणपतीनंतर आईच्या आजारपणात हा ज्युसर घेतला. तेव्हापासून रोज सकाळी चालतोय, त्यामुळे आता खात्रीने लिहिते.

आधी डाळिंबाचे दाणे मी मिक्सरमध्ये फिरवायचे. पात्याने बिया फुटायच्या, वर बोटभर फेस यायचा आणि रस मातकट गुलाबी, जिभेला तुरट लागायचा. आई दोन घोट घेऊन पेला बाजूला सरकवायची. ज्युसरचा स्क्रू मिनिटाला पन्नासेक फेरे घेत दाणे नुसते दाबतो. बहुतेक बिया चोथ्यातून बाहेर पडतात. 'भगवा' जातीच्या डाळिंबाचा रस गडद लाल, नितळ येतो. दाण्यांमधला पिवळा पापुद्रा मात्र हाताने काढावाच लागतो, नाहीतर तुरटपणा आलाच. पहिल्या दिवशी आईने पेला रिकामा केला, तिथेच माझे पैसे वसूल झाले.

सफरचंदाच्या बाबतीत विक्रेत्याने सांगितलेलं 'दिवसभर ताजा राहतो' पटलं नाही. फळ चिरडलं की त्यातलं एन्झाइम आणि हवा एकत्र येऊन रस तपकिरी होतो. मिक्सरमध्ये फेसामुळे हे पाच मिनिटांत होतं, यात वीसेक मिनिटांनी, पण होतंच. उपाय सोपा आहे: रस पडायच्या आधीच भांड्यात अर्धं लिंबू पिळून ठेवायचं. आंबटपणात ते एन्झाइम मंदावतं. एकदा फोडी चार मिनिटं वाफवूनही पाहिल्या. रंग छान टिकला, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी होतं, पण रसाला जॅमसारखा शिजका वास आला. आईने लगेच ओळखलं.

मोसंबी यात घालूच नका. सोललेल्या फोडींबरोबर पांढरा पापुद्रा आणि बिया दाबल्या जातात. सकाळी गोड असलेला रस दुपारी फ्रीजमधून काढला तर कडू! पापुद्र्यातल्या आणि बियांतल्या द्रव्याचं आंबट रसात हळूहळू कडवट लिमोनिन बनतं. आडवी कापून हातयंत्रावर हलकेच पिळलेली मोसंबी आणि लगेच प्यायलेला रस, याला तोड नाही.

धुवायला सात-आठ मिनिटं लागतात. जाळी लगेच ब्रशने घासली नाही तर चोथा वाळून बसतो. गाजरामुळे प्लॅस्टिकचे भाग केशरी झाले होते, साबणाने काही केल्या निघेनात. खोबरेल तेलाचा बोळा फिरवल्यावर निघाले; गाजराचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही.