आई-बाबांना गावाकडचा पब दाखवायचाय: बेल इन की रॉयल स्टँडर्ड?

स्लाउ-रेडिंगकडच्या मराठी घरांत उन्हाळ्यात हे ठरलेलं असतं. आई-बाबा आले, लंडन झालं, विंडसरचा किल्ला झाला, मग कुणीतरी म्हणतं, "एकदा यांना खेड्यातला खरा पब दाखवू या." आणि मग मला फोन येतो. मी दोनच नावं सांगतो: बर्कशरमधल्या ऑल्डवर्थ गावातलं 'बेल इन' आणि बकिंगहॅमशरमधल्या फॉर्टी ग्रीनचं 'रॉयल स्टँडर्ड ऑफ इंग्लंड'. दोन्ही जुने, दोन्ही गावाकडचे, तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. त्यामुळे आधी एवढंच ठरवा: जेवायला जायचंय की एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, प्यायला?

एल प्यायला जायचं तर बेल. एकच कुटुंब अडीचशेहून अधिक वर्षं हा पब चालवतंय. आत शिरल्यावर आपल्या ओळखीचा लांबलचक बार दिसतच नाही. एसटी स्टँडवरच्या आरक्षण खिडकीसारखी काचेची खिडकी आहे, तिच्यातून पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, बाहेर येतो. मोबाइल काढायला बंदी आहे. व्हॉट्सॲपवर दर दहा मिनिटांनी गावाकडे फोटो पाठवणाऱ्या बाबांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रसंग ओढवेल. पारंपरिक एलचा आग्रह धरणारी 'कॅमरा' ही ग्राहकांची संघटना 1971पासून आहे, तिने या पबला 1990चा आणि 2019चा देशातला सर्वोत्तम पब ठरवलं. हा मान ताटातल्या पदार्थांमुळे मिळालेला नाही. खायला मिळतात ते मुख्यतः भरलेले कडक पावरोल आणि सूप. पोटभर पानाची अपेक्षा ठेवून गेलात तर उपाशी याल, आणि दोष माझ्या माथी माराल.

इथे कास्क एलबद्दल, म्हणजे पिंपातून थेट मिळणाऱ्या एलबद्दल, थोडं लांबण लावतो, कारण पाहुण्यांची पहिली तक्रार हमखास हीच असते: "बिअर गरम आहे!" गरम नसते. ती तळघरात साधारण 11 ते 13 अंशांवर ठेवलेली असते. पिंपात भरल्यावरही तिचं आंबणं चालू असतं, वरून वायू भरलेला नसतो, म्हणून फेस कमी आणि चव जास्त. पिंप एकदा उघडलं की तीन-चार दिवसांत संपायला हवं, नाहीतर माल आंबट होतो. म्हणूनच गिऱ्हाइकांची वर्दळ असलेला पब निवडायचा; एकाच हँडपंपाची ताजी एल आठ हँडपंपांवरच्या शिळ्या एलपेक्षा कधीही बरी. पहिल्यांदा पिणाऱ्याला अर्धा पाइंट, म्हणजे 284 मिलिलीटर, आणि चार टक्के अल्कोहोलच्या आसपासचं बिटर, म्हणजे कडवट चवीची एल, द्या. कडवट लागेल, पण अंगावर येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. बऱ्याच पारंपरिक एल निवळण्यासाठी माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात. कट्टर शाकाहारी असाल तर 'व्हेगन एल आहे का' एवढं खिडकीपाशी विचारा, कुणी हसत नाही. आमच्या घरी हे आईला सांगितल्यावर तिने शांतपणे लिंबू सोडा मागवला आणि पुढे कधीही एलचं नाव काढलं नाही.

आता रॉयल स्टँडर्ड. इंग्लंडमधलं सर्वांत जुनं फ्री हाउस असल्याचा त्यांचा दावा आहे. फ्री हाउस म्हणजे कुठल्या एका ब्रुअरीशी, म्हणजे बिअरच्या कारखान्याशी, बांधलेला नाही, हवी ती एल विकायला मोकळा. दुसऱ्या चार्ल्स राजाने हे नाव ठेवायला परवानगी दिली, इथे ढोल वाजवणाऱ्या पोराचं भूत फिरतं, असं बरंच ऐकवतात. भुताचा पत्ता मला कधी लागला नाही, पण काळ्या पडलेल्या तुळया, फरशी आणि पेटती शेकोटी मात्र अस्सल आहे. आणि मुख्य म्हणजे मेन्यू मोठा आहे. आई-बाबांना रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेलं मांस, बटाटे आणि ग्रेव्हीचं जेवण, दाखवायचा तर इथेच. त्यासोबत येणाऱ्या यॉर्कशर पुडिंगला 'पुडिंग' म्हणतात म्हणून गोडाची वाट बघू नका, ते ग्रेव्हीसोबत खायचं असतं. पारंपरिक पद्धतीत ते गोमांसाच्या चरबीत भाजतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी तेही विचारून घ्यावं.

प्लाउमन्स लंच या दोन्ही पबांत असो-नसो, गावाकडच्या पबांत हे नाव सारखं दिसेल. चीज, पाव, लोणच्यासारखी गोड चटणी. नांगरटीवरच्या शेतकऱ्याची शिदोरी वाटते, आपल्या पिठलं-भाकरी-कांद्यासारखी. पण हे नाव गाजवलं ते 1950-60च्या दशकांत चीज खपवू पाहणाऱ्यांनी! बाबांना ही गोष्ट जेवणाइतकीच रुचली.

जाण्याचा हिशोब असा. फॉर्टी ग्रीनला लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनहून बीकन्सफील्डपर्यंत ट्रेन आणि पुढे टॅक्सी. ज्येष्ठांना हेच सोपं. ऑल्डवर्थला गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशनवरून चढ चढत तीन-साडेतीन मैल चालत जाता येतं, आणि पायांत बळ असेल तर तसंच जावं. शेजारच्या चर्चमध्ये चौदाव्या शतकातले नऊ दगडी 'राक्षस', म्हणजे अवाढव्य पुतळे, आहेत, तेही बघा. सोमवारी बेल बंद असतं.

वेळेबाबत मी एकदा चांगलाच फसलो. एका गावातल्या पबात दुपारी पावणेतीनला चार म्हाताऱ्या माणसांना घेऊन पोचलो, किचन अडीचला बंद झालं होतं. चिप्सच्या पाकिटांवर जेवण उरकलं. तेव्हा किचनची वेळ फोन करून विचारा, आणि रविवारी रॉयल स्टँडर्डला टेबल आधी राखून ठेवा.

माझा कौल: आई-बाबांबरोबर रॉयल स्टँडर्ड, मित्रांबरोबर पायी बेल. जायचं एकाच ठिकाणी असेल आणि आई-बाबा एल चाखायला तयार असतील तर मात्र बेल, रोल बांधून घ्या आणि घरी परतल्यावर भात लावा.