आठ महिने, सहा वाफे आणि तीच दूषित माती: खतांचा माझा अनुभव

आधीच सांगतो, यातल्या कुठल्याही खताने माती स्वच्छ झाली नाही आणि होणारही नव्हती. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्ये. ती कुजत नाहीत. खत फार तर त्यांना मातीच्या कणांना धरून ठेवायला मदत करतं, नाहीतर मोकळं करून मुळांच्या हवाली करतं. आठ महिने मी एवढंच पाहत होतो.

जमीन अशी की तिच्यात वर्षानुवर्षं कारखान्याचं सांडपाणी मुरलेलं. पहिल्या अहवालात शिसे आणि कॅडमियम दोन्ही निघाले, सामू (पीएच; जितका कमी तितकी माती आम्ल) ५.४. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर धातूंचे आकडे जवळपास तेच. वैतागलो. मग कळलं की मी 'एकूण' धातू मोजून घेत होतो आणि तो खत बदलून हलत नसतो. पिकाला मिळू शकणारा भाग कळायला डीटीपीए चाचणी लागते, आणि खरं उत्तर हवं असेल तर पानंच तपासायला द्यावी लागतात. हे सुरुवातीलाच कोणी सांगितलं असतं तर एक हंगाम वाचला असता.

सगळ्यात मोठा धक्का अमोनियम सल्फेटने दिला. त्या वाफ्यातला पालक बघत राहावा असा: रुंद, गर्द हिरवा. कॅडमियमही त्याच पानांत सर्वांत जास्त. कारण साधं आहे. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं, सामू घसरतो, आणि आम्लधर्मी मातीत कॅडमियम कणांवरची पकड सोडून पाण्यात उतरतं. पालेभाज्या ते सहज वर ओढतात. युरियानेही आम्लता वाढते, पण तेवढंच नत्र (नायट्रोजन) दिलं तर बरीच कमी. मी कॅल्शियम नायट्रेटवर आलो. पालक तेवढा देखणा आला नाही, चालेल.

पोटॅशवर मला संशयच नव्हता. नेहमीच्या एमओपीमध्ये (म्युरिएट ऑफ पोटॅश) क्लोराइड असतं. ते कॅडमियमशी जोडी जमवतं आणि त्याला मातीतल्या पाण्यात फिरतं ठेवतं. एसओपीने (सल्फेट ऑफ पोटॅश) हा त्रास बराच टळतो. सिंचनाचं पाणी खारट असेल तर मात्र नुसती गोणी बदलून भागत नाही, क्लोराइड पाण्यातूनही येतंच.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) काय सांगावं! शिशाशी ते जुळून पायरोमॉर्फाइट नावाचं जवळजवळ न विरघळणारं खनिज बनवतं. माझ्या वाफ्यात सुपर फॉस्फेटनंतर डीटीपीए चाचणीत शिसे उतरलं, हळूहळू का होईना. पण तुमच्या मातीत आर्सेनिक असेल तर माझं हे वाक्य विसरा. आर्सेनेट (आर्सेनिकचं मातीतलं रूप) आणि फॉस्फेट (स्फुरदाचं) रसायनाच्या दृष्टीने सख्खे भाऊ. एकाला मातीच्या कणावर जागा दिली की दुसरा ढकलला जातो आणि सुटा होतो. शिवाय खडकातून बनलेल्या स्फुरद खतात कॅडमियम स्वतःच असू शकतं. युरोपियन संघाने जुलै २०२२ पासून फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या (खतातलं स्फुरद याच रूपात मोजतात) दर किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली ती त्यासाठीच. मी आणलेल्या गोणीवर हा आकडा कुठेच नव्हता.

पाच तारे द्यायचे तर चुन्याला. सामू ६.५ च्या आसपास आला आणि पालकातलं कॅडमियम खाली आलं, बाकी सगळ्या खटाटोपापेक्षा जास्त. एका वाफ्यात मात्र हात सैल सुटला. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, म्हणजे लोहाची कमतरता. वर चुना फार झाला तर आर्सेनिक उलट जास्त सुटं होतं.

जिंक सल्फेट एकाच वाफ्यात दिलं. मातीत जस्त कमी असेल तर त्याने कॅडमियमचं शोषण घटतं, कारण दोघांची मुळांतली वाट बरीचशी एकच. पण सांडपाण्यातून जस्तही मुरलेलं असेल तर आणखी टाकणं म्हणजे आगीत तेल. कंपोस्टने जमीन भुसभुशीत झाली. कचऱ्यापासून बनवलेलं असेल तर आधी तेच तपासून घ्या.

आणि हो, पानांवरचं शिसे बरंचसं धूळ-मातीचं असतं, धुतल्यावर कमी होतं. कॅडमियम पानाच्या आत असतं, कितीही धुवा.

आता त्या वाफ्यांत पालेभाजी बंद, टोमॅटो लावलेत. फळात धातू पानांपेक्षा कमी उतरतो. शेवटचा पालक उपटून वेगळा टाकला. कंपोस्टच्या ढिगात नाही, तिथून तो धातू पुन्हा वाफ्यातच आला असता.