सिअर्स टॉवर: वर जायच्या आधी पुलावर थांबा

आईबाबा जूनमधे आले होते तेव्हा शेवटी एकदाचा सिअर्स टॉवर झाला. इतकी वर्षं शिकागोच्या उपनगरात राहून वर कधी गेलोच नव्हतो, जवळ राहणाऱ्याला घाई नसते ना, तसं. नाव खरंतर २००९ पासून विलिस टॉवर आहे, लंडनच्या विलिस या इन्शुरन्स ब्रोकर कंपनीने ऑफिसला जागा भाड्याने घेतली आणि नावही सोबत मिळवलं, पण इथले लोक अजून सिअर्सच म्हणतात, आपण व्हीटी म्हणतो तसंच.

एक सांगतो, तिकीट काढून डायरेक्ट लिफ्टमधे घुसू नका. युनियन स्टेशनला उतरा आणि ॲडम्स स्ट्रीटच्या पुलावर नदीवर पाच मिनिटं उभे राहा. आम्ही केवळ बाबांमुळे थांबलो. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेत, त्यांना बिल्डिंग दाखवली की आधी ती उभी कशी आहे ते बघतात, बाकी सगळं नंतर. पुलावरून डावीकडचा कोपरा ५० व्या मजल्यावर संपलेला दिसतो, उजवीकडचा ६६ व्या, त्याच्या मागचे दोन भाग ९० पर्यंत जातात आणि मधला तेवढा सरळ वर, एकूण ११० मजले, ४४२ मीटर. मला आजवर वाटायचं हे नुसतं स्टाइल म्हणून केलंय. बाबा दोन मिनिटं बघून म्हणाले, "अरे ही तर उसाची मोळी आहे."

आणि खरंच तेच आहे! खाली २२५ बाय २२५ फुटांचा चौकोन, त्यात ७५ फुटी नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केल्यात. एकटी नळी वाऱ्यात वाकेल पण नऊ एकत्र बांधल्या की ताठ, म्हणून मग त्यातल्या काही खालीच संपवल्या तरी चालतं. इंजिनिअर फजलूर रहमान खान, जन्म १९२९ ढाक्याचा, आणि आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम, दोघेही स्किडमोर ओविंग्ज अँड मेरिल या आर्किटेक्चर फर्ममधले. ग्रॅहमने मूठभर सिगारेटी हातात धरून काही वर काही खाली करून खानना ही कल्पना दाखवली असा किस्सा सांगतात, म्हणजे बाबांचा ऊस काही फार लांब नव्हता. या पद्धतीमुळे दर चौरस फुटामागे स्टील न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगपेक्षा कमी लागलं, उंची जास्त असून. मधे मधे जे काळे आडवे पट्टे दिसतात ना, तिथे मशिनरीचे मजले आहेत आणि त्याच पातळीवर नळ्यांना कमरपट्ट्यासारखे स्टीलचे ट्रस, म्हणजे दांड्यांच्या तिरक्या चौकटी, बांधलेत. मोळीला दोरी लागतेच.

बिल्डिंग अशी पायऱ्यापायऱ्यांनी वर का जाते त्याचं कारण तर अजून भारी आहे, ते म्हणजे भाडं. सिअर्स तेव्हा जगातली सगळ्यात मोठी रिटेल कंपनी होती, शहरभर विखुरलेली माणसं एका छताखाली आणायची होती म्हणून त्यांना खाली अवाढव्य मजले हवे होते, एकेक जवळपास ५०,००० चौरस फूट. पण वरचे मजले दुसऱ्यांना भाड्याने द्यायचे तर एवढी जागा एकटा घेणार कोण, मग वर वर मजले लहान करत गेले. १९७३ मधे बांधून झाली आणि पुढची २५ वर्षं, क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर येईपर्यंत, जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग. गंमत म्हणजे जिच्यासाठी बांधली ती सिअर्स नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच गाशा गुंडाळून उपनगरात निघून गेली.

आता वरचं. स्कायडेक, म्हणजे शहर बघायची गॅलरी, १०३ व्या मजल्यावर, लिफ्टला साधारण एक मिनिट लागतं, कान बंद होतात, लहान मुलांना गोळी द्या चघळायला. ऑफिसवाल्यांचं लिफ्टचं गणित वेगळंय, ३३ आणि ६६ च्या आसपास स्काय लॉबी आहेत, तिथपर्यंत डबल डेकर फास्ट लिफ्ट आणि पुढे स्लो, म्हणजे दादरला उतरून गाडी बदलायची. हवा स्वच्छ असेल तर वरून चार राज्यं दिसतात, ढग असले तर नुसतं पांढरं, त्यामुळे सकाळी खिडकीतून बघा आणि मगच तिकीट काढा.

२००९ मधे बसवलेल्या काचेच्या पेट्या, ज्याला लेज म्हणतात, त्या भिंतीबाहेर चार फुटांहून जास्त येतात आणि पायाखाली फक्त काच. तीन थर असतात. २०१४ मधे वरच्या संरक्षक कोटिंगला तडे गेले होते, काच शाबूत होती, पण ही माहिती मी रांगेत उभं असताना द्यायला नको होती. लोड, थर, सेफ्टी फॅक्टर सगळं समजावून सांगणारे बाबा दारापाशीच थांबले आणि आई चपला काढून (का ते विचारू नका, देवळाची सवय) सरळ आत जाऊन उभी राहिली, वर म्हणते, "अहो या, इथून टॅक्सी झुरळासारख्या दिसतात." बाबा नाही गेले. "मी खालून बघितलंय सगळं," म्हणाले.

माझं विचाराल तर पुलावरून ५ पैकी ५, वरून ४, कारण वरून सगळं दिसतं पण ही बिल्डिंग दिसत नाही ना! काळं ॲल्युमिनियम आणि ब्राँझ रंगाच्या काचा, जवळून बघितलं तर थोडी उदासच वाटते मला. लॉबीत अलेक्झांडर काल्डर या शिल्पकाराचं हलतं शिल्प होतं पूर्वी, ते २०१७ मधे काढलं, म्हणजे ते बघायला म्हणून जाऊ नका.

नंतर ॲडम्स स्ट्रीटवरूनच सरळ पूर्वेला चालत गेलात की आर्ट इन्स्टिट्यूट, १८९३ च्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले ती हीच वास्तू. आम्ही मधे एका ठिकाणी डीप डिश पिझ्झा खायला बसलो, नाव घेत नाही, पाऊण तासाने आला आणि आईने पोळीभाजीचा डबा काढला.

हो, आणि निघायच्या आधी फ्रँकलिन आणि जॅक्सनच्या कोपऱ्यावर पाटी शोधा, रस्त्याला खानांचं नाव दिलंय. ते १९८२ मधे गेले, फक्त ५२ वर्षांचे होते. बाबांनी दिवसभरात स्वतःहून मागून काढलेला एकच फोटो तिथला आहे.