बाबांच्या फ्लॅटवरचा ‘वारसा कर’: आमचे साडेसात लाख गेले, तुमचे जाऊ देऊ नका

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाबा गेले. मी न्यू जर्सीहून पुण्याला आले, धाकटा भाऊ जर्मनीहून. दोघांच्याही रजा मोजक्याच. तेराव्यानंतर हातात तीन दिवस उरले आणि त्यात सोसायटी, बँक, कागदपत्रं सगळं मार्गी लावायचं होतं. तो माणूस नेमका याच तीन दिवसांत घरी आला.

ओळखीतूनच आला, ‘एनआरआय लोकांची कामं करून देतो’ म्हणून. आधी बाबांच्या फोटोला हात जोडले, मग बसला. फ्लॅटची किंमत त्यानेच काढली, १ कोटी ९० लाख. म्हणाला, “ताई, तुम्ही इथे राहत असता तर प्रश्नच नव्हता. पण परदेशातल्या वारसांना आता चार टक्के वारसा कर आहे. तो भरल्याशिवाय सोसायटी तुमचं नाव लावणार नाही.” म्हणजे ७ लाख ६० हजार.

हा कर कधी आला, असं मी विचारलं. “निवडणुकीत एवढी चर्चा झाली ती कशाची होती, ताई?” चर्चा झाली होती हे खरंच. तसा कायदा मात्र झालेला नव्हता. त्यात अमेरिकेत मोठ्या इस्टेटीवर कर आहे आणि जर्मनीत तर तिथे राहणाऱ्या वारसालाच कर लागतो. तेव्हा भारतातही असेल, हे आम्हाला सहज पटलं. त्याने खोट्याला चारी बाजूंनी खऱ्याचा टेकू दिला होता.

तरी मी म्हटलं, थोडं थांबू. तेव्हा तो म्हणाला, “तुमची मर्जी. पण बाबांच्या नावावर थकबाकी दिसत राहील.”

बाबांनी आयुष्यात एक बिल थकवलं नव्हतं. वीज, पाणी, मिळकतकर, सगळ्या पावत्या दोरीच्या फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेल्या. ती फाइल समोरच टेबलावर होती आणि त्याने ती पाहिली होती. मी आणि भावाने त्याच संध्याकाळी निम्मे-निम्मे पैसे त्याच्या खात्यात टाकले. एनआरआयना थेट भरता येत नाही, असं त्याने सांगितलं होतं. तेही खोटं. दोन दिवसांनी कर भरल्याचं चलन आलं. मी ते बाबांच्या फाइलमध्ये शेवटी लावलं आणि विमान पकडलं.

मार्चमध्ये इथल्या सीपीएने, म्हणजे अमेरिकेतल्या सीएने, वारशाबद्दल विचारलं. परदेशातून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त वारसा मिळाला की अमेरिकेत फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर नाही, फक्त माहिती द्यायची. पण ती दिली नाही तर दंड जबर असतो. माझा हिस्सा त्यात बसत होता. कागद जुळवताना ते चलन पुण्यातल्या एका सीएंना पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला. “मॅडम, हा कर आपल्याकडे १९८५ सालीच गेला.”

१९५३ च्या कायद्याने एस्टेट ड्युटी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर होता, तो १६ मार्च १९८५ पासून बंद झाला. आज भारतात वारसाहक्काने घर मिळालं म्हणून एक रुपयाही आयकर लागत नाही, वारस कुठेही राहत असो. मग त्यांनी चलन वाचायला लावलं. खऱ्या चलनावर बँकेचा बीएसआर कोड, म्हणजे शाखेचा ओळख क्रमांक, सात आकडी असतो, आमच्यावर सहाच आकडे होते. आणि भरलेला आयकर आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) दिसतो. मी उघडून पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. हे पाच मिनिटांचं काम मी चार महिने केलं नव्हतं.

कर लागतो तो घर विकताना. खरेदीदार टीडीएस कापून घेतो. आपला नफा मात्र वडिलांच्या खरेदीपासून मोजतात, आणि घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते. कमी टीडीएससाठी आयकर विभागाकडून आधी दाखला काढता येतो. पैसे एनआरओ खात्यातून, म्हणजे एनआरआयच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून, एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. हे सगळं घरी आलेल्या माणसाकडून नाही, तर ज्याची सही आणि सदस्य क्रमांक तपासता येतो अशा सीएकडून समजून घ्या.

पैशांहून मोठी भीती वेगळीच होती. त्याच तीन दिवसांत आम्ही त्याला कुलमुखत्यारपत्र देऊन बसलो होतो, आणि त्यात विक्रीचाही अधिकार होता. भाऊ पुन्हा पुण्याला गेला, दुय्यम निबंधक कार्यालयात रद्दनामा नोंदवला, पेपरात जाहीर नोटीस दिली, सोसायटीच्या सेक्रेटरींना प्रत नेऊन पोच घेतली. सेक्रेटरी काका म्हणाले, “अरे, आमच्याकडे एकदा तरी विचारायचंत.” सोसायटीने असला कुठलाही कर कधी मागितलाच नव्हता.

पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. ते चलन आता पोलिसांकडे आहे. त्याची झेरॉक्स माझ्याजवळ आहे, पण बाबांच्या फाइलमध्ये मी ती लावलेली नाही.